बास

हर्षलाच्या भावाने नवा फोन घेतला
आणि जुना प्लेअर तिच्या पदरात टाकला.
काडेपेटीएवढा. पडद्यावर आडवी चीर.
पोटात चारशे अकरा गाणी, आणि कुणाच्या तरी
साखरपुड्यातलं सात मिनिटांचं हसणं.

वायर एक, तिला टोकं दोन, आणि आम्ही चौघी.
पहाटे साडेचारपासून दीडशे डब्यांच्या पोळ्या.
एक टोक लाटणारीच्या कानात, एक भाजणारीच्या;
वायर ताणली की दोघींच्या माना एकमेकींकडे कलायच्या
आणि परातीपाशी बसलेली फुलाताई विचारायची,
आता काय चाललंय गं?
मग गाणं तोंडी सांगावं लागायचं,
पाहून आलेला सिनेमा सांगावा तसं.

म्हणून वर्गणी. तिघींचे दोनशे दोनशे,
शेवंताचे एकशेनव्वद; दहा उधार.
हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून मीच निघाले
गिरगावातून चालत, लॅमिंग्टन रोडला.

मुर्तझाभाईंचं दुकान म्हणजे एक कपाट, त्यात माणूस उभा.
त्यांनी काचेवर काळा डबा ठेवून कळ दाबली
आणि काच, काचेखालचे चार्जर,
माझ्या चपलांचे अंगठे, सगळं थडथडलं.
"ताई, बास देखो, बास!"
मी म्हटलं, बास. आमच्यात ह्याला पुरे म्हणतात.
ते हसले. आवाज उतरवला, भाव नाही.

मग लाल. मग गोल. मग पाण्यात पडला तरी चालणारा;
आमच्याकडे पाण्यात नाही, पिठात पडतात वस्तू.
मग गाण्याबरोबर दिवे लागणारा.
प्रत्येकाचे वॅट खोक्यावर छापलेले,
आणि खोकी म्हणजे सांगून आलेलं स्थळ,
पगार वाढवूनच सांगणार.

मी पिशवीतून लाटणं काढलं.
पोळपाट जड, तो नव्हता आणला.
म्हटलं, पंखा पूर्ण सोडा. मागचा तो, घरघरणारा.
आणि प्लेअर एकेकाला जोडायला लावून
काउंटरवर लाटत राहिले हवेतली पोळी,
टक् टक् सर्र, टक् टक् सर्र,
रोजच्या वेगाने, एक पोळी वीस सेकंद.
शेजारचा सोल्डरिंगवाला काम टाकून बघायला आला.
दिवेवाला बुडाला. गोलाने शब्द गिळले, नुसता धडधडला.
लाल माझ्या बजेटमध्ये नव्हताच, तरी ऐकला.

खालच्या खणात एक राखाडी जोडी होती, घडीची,
पेन्सिल सेलवर चालणारी, धूळ बसलेली.
तिच्यातून बाई गायला लागली
आणि लाटण्याच्या दोन ठोक्यांमध्ये
मला तिने घेतलेला श्वास ऐकू आला.
आवाज बारीक. पत्र्याचा म्हणा हवं तर.
पण शब्द न् शब्द पंख्यातून वाट काढून येत होता.

"इसमें बास नहीं है," मुर्तझाभाई खरं बोलले.
साडेसहाशे सांगितले, पाचशेऐंशीला दिले,
वर चार सेल,
स्वतःच्या घड्याळातून काढून द्यावेत अशा चेहऱ्याने.

दुसऱ्या दिवशी जागा शोधण्यात
पहिल्या सात-आठ पोळ्या करपल्या.
शेगडीजवळ नको, पिठाच्या डब्यावर नको,
खिडकीत ठेवली तर गाणं गल्लीला आणि आम्हाला पंखा.
हर्षला म्हणाली, लालच आणायला हवा होता.
मी काही बोलले नाही.
शेवटी फुलाताईने भाजीचं मोठं पातेलं रिकामं बघून
ती जोडी उचलली आणि आत ठेवली, तळाशी.

पातेलं गायला लागलं. पोटातून.
प्रत्येक गाण्यात तबला होता
आणि इतके दिवस तो आम्हाला भेटलाच नव्हता.
शेवंताने कणकेचे हात तसेच धरून
पातेल्यात डोकावून पाहिलं.

वहीत लिहिलं: स्पीकर पाचशेऐंशी. शिल्लक दोनशेदहा.
शेवंताकडून येणे दहा.
बास: फुकट, सात वाजेपर्यंत.
सातला भाजी टाकायची असते.